सुरतेतला वकील

26 एप्रिल 2025, शनिवार. फज्रच्या अजानलाही वेळ होता तेव्हा फोन वाजला. सुरतेहून धाकटा भाऊ बोलत होता. तो लिंबायत भागात राहतो आणि कापड मार्केटमध्ये साड्यांच्या पॅकिंगचं काम करतो. आवाज दबका होता. म्हणाला, "आपा, सुरतेत तुझ्या ओळखीचा कोणी वकील आहे का?"

मी विचारलं, "काय केलंस तू?"

माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न हा होता. त्याने काहीच केलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीत पोलीस आले होते आणि माणसं गाडीत बसवत होते. कुणाकुणाला नेतायत, कशासाठी नेतायत, हे कुणाला कळत नव्हतं. भावाने दार लावून घेतलं होतं आणि आधार कार्ड हातात धरून तो बसला होता. त्याला नेलं नाही. सकाळी आठला तो नेहमीसारखा कामावर गेला. मी सकाळच्या शाळेत गेले, सहावीला मराठीची कविता शिकवली. पण वर्गात उभी असताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी दोन भाषा शिकवते, बी.एड. केलंय, वीस वर्षं नोकरी झाली, पालकांचे अर्ज मी लिहून देते, आणि भावाला मला एका वकिलाचं नाव सांगता आलं नाही.

त्या रात्री काय झालं ते नंतर बातम्यांतून समजलं. पहलगामच्या हत्याकांडाला चार दिवस झाले होते. पहाटेच्या वेळी अहमदाबाद आणि सुरतेत मिळून हजाराच्या वर लोकांना 'बांगलादेशी' असल्याच्या संशयावरून ताब्यात घेतलं गेलं. दोनच दिवसांनी राज्याच्या पोलीस महासंचालकांनी सांगितलं की गुजरातभरात सुमारे 6,500 संशयित ताब्यात घेतले आणि त्यातल्या 450 जणांची बांगलादेशी म्हणून कागदपत्रांवरून ओळख पटली. हे आकडे सरकारचेच आहेत. 450 जण बेकायदा आले असतील तर त्यांच्यावर कायद्याने कारवाई व्हावी, यात वाद नाही. मी विचार करत होते उरलेल्या हजारोंचा. अकोल्याहून अहमदाबादला लग्नासाठी गेलेल्या वऱ्हाडातली माणसंसुद्धा त्यात सापडली, अशी बातमी होती. अकोल्याचं वऱ्हाड! त्यांनी सोबत काय नेलं असेल? आहेर, मिठाई, नव्या चपला. लग्नाला जाताना जन्मदाखला कोण नेतं?

नंदुरबारच्या बाहेरच्या वाचकांना सुरत आम्हाला किती जवळची आहे ते ठाऊक नसेल. ताप्ती लाइनची गाडी पकडली की नवापूर, व्यारा, उधना आणि सुरत. मुंबई आमच्यापासून लांब, सुरत दाराशी. लिंबायत-उधन्यात अर्ध्या गल्ल्यांमध्ये अहिराणी ऐकू येते. नवापूरच्या स्टेशनावर तर दोन राज्यांची हद्द फलाटाच्या मधूनच जाते. तिथे एक बाकडं आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. लोक त्यावर बसून फोटो काढतात. लहानपणी आम्ही भावंडं त्या बाकड्यावर सरकत सरकत 'मी गुजरात, तू महाराष्ट्र' खेळायचो. हद्द ही आमच्यासाठी गंमतच होती.

पण आमच्याच घरात एका माणसासाठी ती गंमत नव्हती. ती गोष्ट मी कधी लिहिली नाही, कारण घरात ती बोललीच जात नसे.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ 1948 च्या सुरुवातीला कामाच्या शोधात कराचीला गेले. पाकिस्तान हवं म्हणून नाही, तिकडे काम मिळतंय असं कुणी सांगितलं म्हणून. मुंबईहून बोट जात असे. तेव्हा आमचं गाव मुंबई इलाख्यातल्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. त्या माणसाच्या लेखी कराची म्हणजे मुंबईसारखंच आणखी एक बंदर. बायको-मुलं इथेच होती. काही महिन्यांत काम सुटलं, मन लागेना, तेव्हा त्यांनी परतायचं ठरवलं. तोवर नियम बदलला होता.

19 जुलै 1948 पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परवाना लागू लागला. आधी वटहुकूम निघाला, मग 1949 मध्ये त्याचा कायदा झाला. परवान्यांचे प्रकार होते. काही दिवस भेटीला येण्याचा तात्पुरता वेगळा आणि कायमचं परतण्याचा वेगळा. पुढे 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना अमलात आली. तिच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की 1 मार्च 1947 नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परवान्यावर परत आला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एखादा माणूस आपल्याच घरी परतला की नाही, हे त्याच्या हातातल्या कागदाच्या प्रकारावर ठरणार होतं. आजोबांच्या भावाच्या हातात तात्पुरता कागद होता. कराचीतल्या रांगेत त्यांना तोच मिळाला. दोघांतला फरक त्यांना कुणी समजावला नव्हता, आणि ते फक्त सही करण्यापुरतं लिहू शकत होते.

ते आले, राहिले, पुन्हा आपल्या कामाला लागले. मुदत संपली. 1951 मध्ये एक दिवस घरी निरोप आला आणि थोड्याच दिवसांत त्यांना परत जावं लागलं. दादी सांगायची की निघताना त्यांनी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात चार आणे ठेवले होते, "आल्यावर घेईन" म्हणून. ते आले नाहीत. कराचीहून पत्रं येत राहिली, तीही हळूहळू थांबली.

मी मोठी झाल्यावर दादीला विचारलं होतं की तेव्हा तुम्ही वकिलाकडे का नाही गेलात? धुळ्याला कोर्ट होतं. धुळ्यात वकील होते. दादीने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी वाह्यात बोलले. "वकिलाकडे चोर जातात," ती म्हणाली. "आपण काय चोरी केली होती?"

2025 च्या त्या पहाटे मी भावाला जे विचारलं ते याच वाक्याचं दुसरं रूप होतं. पंचाहत्तर वर्षांत आमच्या घरात एवढाच बदल झाला होता.

आता पुढचं ऐका. 15 फेब्रुवारी 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य' या खटल्याचा निकाल दिला. आव्हान होतं याच 1949 च्या कायद्याच्या सातव्या कलमाला. त्या कलमानुसार परवान्याचा नियम मोडणाऱ्याला, किंवा त्याने तो मोडला असल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी त्या माणसाला, केंद्र सरकार देशाबाहेर काढू शकत होतं. तो नागरिक असला तरीही. बहुमताचा निकाल न्या. गुलाम हसन यांनी लिहिला. त्याचा सारांश असा: येण्यासाठी परवाना मागणं, तो नसेल तर शिक्षा करणं, हे समजू शकतं. पण नागरिकाला संशयावरून, त्याचं म्हणणं ऐकून न घेता देशाबाहेर काढणं हे त्याच्या देशात राहण्याच्या हक्कावरचं वाजवी बंधन म्हणता येत नाही. ते कलम घटनाबाह्य ठरलं. न्या. सुधी रंजन दास यांनी वेगळं मत नोंदवलं. म्हणजे न्यायमूर्तींमध्येही याबाबत एकमत नव्हतं. मूळ कायदा तर तोवर रद्दच झाला होता, कारण 1952 पासून दोन्ही देशांत पासपोर्टची पद्धत आली. पण तत्त्व ठरलं.

मुंबई राज्याविरुद्ध, म्हणजे आमच्याच राज्याविरुद्ध. आमच्या माणसाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

इथे मी स्वतःला थोडं आवरते. आमचा माणूस कोर्टात गेला असता तर जिंकलाच असता असं मी म्हणत नाही. त्याचा परवाना तात्पुरता होता आणि सातवं कलम त्याच्या आड आलं असतं. 'स्थलांतर' म्हणजे नेमकं काय, कामासाठी जाणं हे स्थलांतर होतं का, यावर न्यायालयं 1966 पर्यंत विचार करत होती. तो हरलाही असता. पण बायको-मुलं इथे होती, घर इथे होतं, राहायला म्हणून तो गेलाच नव्हता, हे सगळं कुणीतरी कुणासमोर तरी मांडलं असतं. आमच्याकडे ते कुणी मांडलंच नाही. न्यायालयात गेलेला तो इब्राहिम आणि आमच्या कोनाड्यात चार आणे ठेवून गेलेला माणूस, यांच्यातला मला दिसणारा फरक एवढाच की एकाला वेळेवर वकील भेटला.

दुसरी गोष्ट 1998 ची. त्या वर्षी 1 जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला. गावात फटाके वाजले, नव्या कलेक्टर कचेरीच्या गप्पा सुरू झाल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. त्याच महिन्यात मुंबईत वेगळंच चाललं होतं. मनोहर जोशींच्या सरकारच्या काळात बांगलादेशी म्हणून पकडलेल्या बंगालीभाषक मुसलमानांना पोलीस बंदोबस्तात रेल्वेने सीमेकडे पाठवत होते. त्यांत जरीकाम करणारे कारागीर बरेच होते. कुर्ला-हावडा गाडी पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्टेशनात आली तेव्हा जमावाने ती अडवली आणि पोलिसांच्या ताब्यातून माणसं सोडवली. फॉरवर्ड ब्लॉकचे आमदार जमावाच्या पुढे होते. हे आमच्याच भागातले लोक आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्योती बसूंच्या सरकारने महाराष्ट्राकडे निषेध नोंदवला, संसदेत गदारोळ झाला.

तेव्हा वर्तमानपत्रात ते वाचून मला सिनेमातल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, ती माणसं हजार मैल गाडीतून गेली आणि त्यांना वाचवायला जमाव लागला. जमाव कुणाचं रेशनकार्ड तपासत नाही. त्यात खरोखर बाहेरून आलेला कोण आणि हावडा-हुगळीचा कोण, हे ना मुंबईत नीट ठरलं, ना उलुबेरियात. ते ठरवण्याची जागा न्यायालय, आणि न्यायालयात गरिबाची वाट वकिलाच्या टेबलावरून जाते. 2025 च्या जूनमध्येही तेच झालं. मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या माणसाला थेट सीमेपार ढकललं गेलं आणि बंगालच्या अधिकाऱ्यांनी कागद पाठवून धावपळ केल्यावर तो काही दिवसांत परत आला. ढकलण्याआधी त्याला वकील भेटला असता तर?

आता कायद्याचं थोडं, कारण भावाच्या फोननंतर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत हेच वाचत बसले.

घटना समितीत 15 सप्टेंबर 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवं कलम मांडलं, तेच आजचं 22 वं कलम. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य प्रक्रिया' हे शब्द गाळले गेले होते आणि त्यावर बरीच टीका झाली होती. ती उणीव काही अंशी भरून काढायला म्हणून हे कलम आणलं, असं त्यांनीच सांगितलं. अटकेचं कारण सांगा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या. यात शब्द 'नागरिक' असा नाही, 'व्यक्ती' असा आहे. हे मी दोनदा वाचलं. शत्रुराष्ट्राचा माणूस आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा लावलेला माणूस, एवढेच दोन अपवाद. म्हणजे ज्याच्यावर परकीय असल्याचा संशय आहे त्यालाही वकिलाचा हक्क आहे.

पण हक्क कागदावर असला तरी वकील दाराशी येतो असं नाही. त्यासाठी पुढे दोन खटले लागले, दोन्ही महाराष्ट्रातले. 1978 चा होस्कोट खटला. हा होस्कोट विद्यापीठात शिकवणारा माणूस होता आणि विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नात पकडला गेला होता. (आम्हा मास्तर लोकांना मान खाली घालायला लावणारी गोष्ट.) त्याची याचिका फेटाळली गेली, पण न्या. कृष्ण अय्यरांनी तिच्या निमित्ताने सांगितलं की वकील करण्याची ऐपत नसलेल्या कैद्याला वकील पुरवणं हे सरकारचं कर्तव्य आहे. नंतर पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावरून 1983 मध्ये आदेश निघाला की कुणालाही अटक करून कोठडीत आणलं की पोलिसांनी लगेच जवळच्या कायदेविषयक मदत समितीला कळवावं. आज विधी सेवा प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यात आहे, नंदुरबारलाही आहे. कोठडीतल्या माणसाला, मग त्याचं उत्पन्न कितीही असो, तिथून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांनाही उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन नंबर 15100. शाळेच्या शिक्षकखोलीत मी हा नंबर विचारला. पोलिसांचा, रुग्णवाहिकेचा, महिला हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांना पाठ होता. हा एकालाही नाही.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यातही चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे आणि अटकेची खबर आपण सांगू त्या नातेवाइकाला किंवा मित्राला देण्याचं बंधन पोलिसांवर आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात असंही सांगितलं की अटकेची कारणं लेखी, आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यावीत. माझ्यासारख्या भाषा शिकवणाऱ्या बाईला हा निकाल फार आवडला. गुजरातीत लिहिलेला कागद माझ्या भावाला वाचता येतो, पण त्याच्याच खोलीत राहणाऱ्या, उर्दू शाळेत शिकलेल्या पोराला येणार नाही.

मात्र परकीयांच्या कायद्यात एक गोष्ट उलटी आहे. चोरीच्या आरोपात चोरी झाली हे पोलिसांनी सिद्ध करायचं असतं. 1946 च्या परकीय नागरिक कायद्याच्या नवव्या कलमानुसार मात्र आपण परकीय नाही हे त्या माणसाने स्वतः सिद्ध करायचं असतं. 1 सप्टेंबर 2025 पासून तो कायदा जाऊन आप्रवास आणि परकीय नागरिकांचा नवा कायदा आला, पण हा भार जिथे होता तिथेच राहिला. आणि त्याआधी 12 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अमित बोरकर यांनी एका जामीन अर्जावर सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र एवढ्याने कुणी नागरिक ठरत नाही. एप्रिलच्या त्या पहाटे माझा भाऊ हातात काय धरून बसला होता ते मी वर लिहिलंच आहे.

मग नागरिक कशाने ठरतं? इथे आमच्या घराची गंमत पाहा. नागरिकत्वाच्या कायद्यानुसार 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याला आई-वडिलांपैकी निदान एक नागरिक असल्याचं दाखवावं लागतं, आणि 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्यांसाठी अट आणखी कडक. माझा जन्म 1980 चा, भावाचा 1989 चा. तेच आई-वडील, तेच घर, तीच सुईण. मला फक्त माझा जन्म दाखवायचा आहे, त्याला अब्बांचाही दाखवायचा आहे. दाखल्यावर दोघांचीही जन्मतारीख 1 जून आहे, कारण आमच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाची तीच टाकली होती! महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेली माणसं मोजली तर जगातलं आश्चर्य ठरेल. यावर आपण सगळे हसतो. वकील हसत नाही.

नावांचं तर विचारूच नका. गेली वीस वर्षं मी शाळेच्या जनरल रजिस्टरात नावं लिहितेय. 'शेख'चं कुठे 'शे.', कुठे 'शेख', कुठे 'शैख'. 'मोहम्मद'चं 'मो.', 'मोहंमद', 'महंमद'. उर्दूतला ऐन आणि अलिफ देवनागरीत सारखेच 'अ' होतात, आणि इंग्रजीत गेल्यावर प्रत्येक कारकून आपल्या कानाप्रमाणे लिहितो. मुलींचं आणखी वेगळं. शाळेत 'बी' किंवा 'बानो', लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव, मतदार यादीत तिसरंच काहीतरी. माझ्या स्वतःच्या तीन कागदांवर माझी तीन नावं आहेत, आणि मी इतरांचे दाखले दुरुस्त करून देते. चुका आम्ही शिक्षकांनीही केल्या आहेत, हे मान्य करायला हवं. घाईत 'शे.' लिहिताना आपण कुणाच्या तीस वर्षांनंतरच्या कोर्टाच्या तारखेवर लिहितोय असं कुणाच्या मनात येतं?

बरं, दुरुस्ती करायला जावं तर वातावरण असं. जानेवारी 2025 मध्ये मालेगावातल्या उशिरा केलेल्या जन्मनोंदींच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि मार्चमध्ये राज्यभर अशा नोंदींचे नियम कडक झाले. खोटे दाखले निघाले असतील तर रद्द व्हावेत. पण घरी बाळंत झालेल्या बाईच्या लेकराची नोंद उशिराच होते, हे नंदुरबारला कुणी सांगायला नको. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाऊन विचारा. वनहक्काच्या दाव्यासाठी आदिवासींना आपण 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन कसत होतो याचे पुरावे गोळा करावे लागले, तेव्हा त्यांचीही हीच दमछाक झाली होती. कागद नसलेला माणूस कोणत्या धर्माचा हे नंतर येतं.

तर वकील. मे महिन्यात मी शोध सुरू केला. नवापूरच्या एका सहकारी शिक्षिकेच्या नात्यातले एक वकील सुरतेच्या कोर्टात फौजदारी कामं करतात, मूळचे खानदेशातले, हिंदू. त्यांना फोन केला. मी घाबरत घाबरत म्हटलं, "साहेब, केस काही नाही. पण होऊ शकते." मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "ताई, केस नसताना फोन करणारे तुम्ही पहिल्या. केस झाल्यावर रात्री दोनला फोन करतात, तेव्हा मला माणसाचं पूर्ण नावसुद्धा धड कळत नाही."

त्यांनी फी सांगितली नाही, कागद मागितले. भावाच्या दाखल्याची, अब्बांच्या शाळेच्या नोंदीची, आमच्या जुन्या घराच्या उताऱ्याची प्रत. नावांतला फरक पाहून ते म्हणाले, हे प्रतिज्ञापत्र करून आताच सरळ करा, पकडल्यावर केलेल्या प्रतिज्ञापत्राकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं. भावाला त्यांनी ऑफिसात बोलावून वकीलपत्रावर सही घेतली आणि ते स्वतःकडे ठेवलं. आत गेलेल्या माणसाची सही मिळवण्यातच कधीकधी दोन दिवस जातात, असं त्यांनी सांगितलं. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नको, नेलं तर आधी बहिणीला कळवायला सांग, मूळ कागद खिशात घेऊन फिरू नको, प्रती ठेव. आणि एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली जी मला सुचलीच नव्हती. वकील माणसाच्या गावचा असून चालत नाही, जिथे धरलं तिथला लागतो. आमचा नंदुरबार जिल्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो, पण माणूस सुरतेत धरला तर हेबियस कॉर्पसची याचिका अहमदाबादला, गुजरात उच्च न्यायालयात. मुंबईत धरला तर मुंबईला. त्या बाकड्याची एक बाजू एका न्यायालयाची आणि दुसरी दुसऱ्याची! ही याचिका कोठडीतल्या माणसानेच करावी असं नसतं, बहीण करू शकते, दोस्तही करू शकतो. फक्त त्या दिवशी कुणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं असावं. अहमदाबादच्या एका वकिलाचा नंबर त्यांनीच दिला.

यात लपवण्यासारखं काय आहे, असं मला एका नातेवाइकाने विचारलं. वकील करून ठेवला म्हणजे मनात काहीतरी खोट आहे, असं लोक म्हणतील. दादीचंच वाक्य. मी त्यांना माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सांगितलं. ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत न्यू जर्सीला असते, दोघेही रीतसर व्हिसावर, नवरा संगणकाच्या कंपनीत. तिकडे आप्रवासाच्या खटल्यात वकील लावता येतो, पण सरकारी खर्चाने मिळत नाही. म्हणून तिच्या ओळखीच्या अनेक मराठी घरांनी, त्यात सदाशिव पेठेतली माणसंही आहेत, वकील ठरवून जी-28 नावाच्या फॉर्मवर आधीच सही करून ठेवली आहे. तो फॉर्म म्हणजे तिकडचं वकीलपत्रच. त्यांच्या मनात कसली खोट आहे? नातेवाईक गप्प बसले. सदाशिव पेठेचा दाखला कामी आला.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ घरी आला. मी त्याला एक कार्ड करून दिलं. त्यावर दोन्ही वकिलांचे नंबर, माझा नंबर, 15100, आणि मागच्या बाजूला त्याचं नाव दाखल्यावर आहे तसं, अक्षरन् अक्षर. दुसरी प्रत दादीच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली. त्याच ट्रंकेत कराचीची पत्रं आहेत. भावाने ती कधी पाहिली नव्हती. उर्दू त्याला नीट वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. बऱ्याच पत्रांत एकच विचारणा होती, की शेताला यंदा पाणी कसं आहे.

पत्रं परत ठेवताना भावाने विचारलं, "माझं झालं. तुझा वकील कोण, आपा?"

मी म्हणणार होते की मी नंदुरबारची, सरकारमान्य शाळेतली शिक्षिका, मला कशाला लागतो. वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. कोर्टाची सुट्टी संपल्याच्या पहिल्या सोमवारी, शाळा सुटल्यावर, मी नंदुरबारच्या कोर्टात गेले. आवारात वडाखाली टायपिंगवाले बसतात. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "बाई, केस कसली?"

"केस नाही," मी म्हटलं. "वकील पाहिजे."